एका पातेल्यातला क्रीमी पास्ता: सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागेतल्या आमच्या स्वयंपाकाच्या वर्गात पुरणपोळी शिकवली की सगळ्या गप्प बसून बघतात, कारण प्रत्येकीच्या घरी तिची एक पद्धत ठरलेली असते. पास्ता म्हटला की मात्र हात वर होतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. हा पास्ता पोटभरीचा नाही, जोडीला वाढायचा आहे: तव्यावरचं चिकन, पनीर टिक्का, कटलेट असं काही केलं की शेजारी दोन डाव. वीस-पंचवीस मिनिटांत होतो आणि पातेलं एकच लागतं.

हॉटेलातल्या व्हाइट सॉस पास्त्यापेक्षा हा वेगळा कसा?

हॉटेलात पास्ता भरपूर पाण्यात उकडून चाळणीत ओततात. दुसरीकडे लोणी-मैदा परतून त्यात दूध घालून सॉस करतात आणि मग दोन्ही एकत्र करतात. त्यात वाईट काही नाही, पण चार माणसांसाठी तीन भांडी आणि एक चाळणी घासायची कुणी?

इथे पास्ता मोजक्या पाण्यात शिजतो आणि ते पाणी टाकायचं नसतं. शिजताना पास्त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो, ते पाणी दाटसर होतं आणि पुढे दूध-चीज घातलं की तोच सॉस होतो. मैदा लागत नाही, कॉर्नफ्लोअरही लागत नाही. उकडलेला पास्ता नळाखाली धुण्याची सवय असेल तर ती इथे सोडायची. धुतला की सॉसचा आधारच मोरीत गेला.

प्रमाण सांगा.

जोडीला वाढायचा तर चौघांसाठी:

एल्बो मॅकरोनी किंवा पेने २०० ग्रॅम (एल्बो मॅकरोनी असेल तर साधारण दोन सपाट कप), पाणी ४५० मिली, दूध २५० मिली, लोणी एक मोठा चमचा आणि त्यात थोडं तेल, लसूण सहा-सात पाकळ्या, एक मध्यम कांदा, भाज्या मिळून एक कप, प्रोसेस्ड चीजचे दोन क्यूब म्हणजे ५० ग्रॅम, मीठ सुरुवातीला अर्धा चहाचा चमचा, ताजी कुटलेली मिरी.

लोणी-तेलात ठेचलेला लसूण परता, लाल होऊ देऊ नका. बारीक चिरलेला कांदा टाकून तो मऊ होऊ द्या. गाजर-फरसबी असेल तर आताच टाका. कोरडा पास्ता त्यातच घालून मिनिटभर हलवा, मग पाणी आणि मीठ. उकळी आली की मध्यम आच, झाकण अर्धवट, आणि दर दीड-दोन मिनिटांनी बुडापासून ढवळायचं. सात-आठ मिनिटांत पाणी आटून तळाशी थोडंसं उरेल, पास्ता दाताखाली अजून कडक लागेल. आता कोमट दूध घाला, आच बारीक करा, तीन-चार मिनिटं शिजवा. चीज किसून टाका, ढवळा आणि गॅस बंद.

गॅस बंद करताना सॉस "अजून पातळच आहे की" असं वाटलं पाहिजे. या सगळ्या पानावरची सर्वात कामाची ओळ हीच. पास्ता गॅस बंद केल्यावरही पाणी पीत राहतो आणि चीज गार होताना घट्ट होतं. पातेल्यात मनासारखा दाट दिसला, तर ताटात येईपर्यंत त्याचा गोळा झालेला असतो.

दूध सुरुवातीलाच का नाही घालायचं? सगळा पास्ता दुधातच शिजवला तर जास्त क्रीमी होईल ना?

होत नाही, उलट करपतो. दुधातली प्रथिनं आणि साखर पातेल्याच्या बुडाला धरतात, वर पास्त्याचा स्टार्च. दहा-बारा मिनिटं सतत ढवळत उभं राहिलात तर जमेल, पण मग झटपट कसला? शिवाय दूध उतू जाण्याची टांगती तलवार असतेच. पास्ता बहुतेक पाण्यात शिजवून शेवटी दूध घातलं की चव तीच राहते, त्रास निम्मा.

दूध म्हशीचं की गाईचं?

म्हशीचं असेल तर उत्तम. त्यात साधारण सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात तीन-साडेतीन ते साडेचार. आपल्या जिल्ह्यात दुधाची वाण नाही. चितळ्यांची डेअरी भिलवडीचीच, आणि गल्लीत रतीब घालणारे अजून आहेत. म्हशीचं सकाळचं दूध साय न काढता वापरलं तर क्रीमचं पाकीट आणायची गरज नाही. गाईचं किंवा टोन्ड दूध असेल तर २५० मिलीत दोन चमचे ताजी साय फेटून घाला.

साय घातली की तिचे तुकडे तरंगतात. तुपासाठी विरजलेली साय चालेल का?

विरजलेली अजिबात नाही. ती आंबट असते, गरम दुधात पडली की फाटलंच. तुपासाठी आठवडाभर फ्रीजमध्ये साठवलेली साय विरजण न लावताही हळूहळू आंबूस होते, तीही बाजूलाच ठेवा. आजची किंवा कालची साय घ्या, त्यात दोन-तीन चमचे दूध घालून काट्याने किंवा छोट्या रवीने गुळगुळीत फेटा, आणि मगच पातेल्यात. थंडगार साय थेट टाकली की तिचे तुकडे राहणारच.

दूध फाटतं. काय चुकतं?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर. दूध फाटण्याची कारणं मोजकीच असतात.

पहिलं, आंबट पदार्थ. टोमॅटो, लिंबू, दही, टोमॅटो सॉस, व्हिनेगर. दुधातलं केसिन आम्लात गोळा होतं आणि उष्णता असेल तर थोडं आम्लही पुरतं. टोमॅटो हवाच असेल तर एक छोटा, बिया काढलेला, लोण्यात पूर्ण गळेपर्यंत परता, आणि दूध घातल्यावर उकळी आणू नका. दोन-तीन टोमॅटो घालायचे असतील तर दूध विसरा, तो लाल पास्ता करा आणि वरून चीज घाला. लिंबू पिळायचं तर ताटात, ज्याने त्याने.

दुसरं, कच्चं आलं. आल्यात दूध फाडणारं एक एन्झाइम असतं. आलं-लसूण पेस्ट घालण्याचा आपला हात इतका बसलेला असतो की पास्त्यातही ती जाते. आधी तेलात नीट परतली किंवा पाण्याबरोबर उकळली तर त्रास नाही. दुधानंतर वरून घातली तर मात्र भरवसा नाही. माझ्या मते या पास्त्यात आलं नकोच, लसूण पुरे.

तिसरं, दूधच उतरत आलेलं. एप्रिल-मेमध्ये सकाळचं दूध दुपारपर्यंत ओट्यावर राहिलं की संशय घ्यायचा. पळीभर दूध वेगळं उकळून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

लाल तिखटाने दूध फाटत नाही. हा आळ त्याच्यावर उगाच येतो.

मग आमची कांदा-लसूण चटणी घातली तर?

घाला की! सांगली-साताऱ्यात ही चटणी ज्या घरात नाही असं घर शोधावं लागेल. अर्धा चहाचा चमचा, लोण्यात कांदा परतून झाल्यावर लगेच, आच बारीक करून. तिच्यातलं खोबरं, तीळ आणि लसूण लोण्यात खुलतात आणि सॉसला फिकट केशरी रंग येतो. शेवटी वरून भुरभुरली तर मसाला कच्चा लागतो. चटणी घातली की ओरेगॅनो घालू नका, दोघांचं पटत नाही.

ओरेगॅनोचं म्हणाल तर पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत. त्यातली एक पुडी चौघांना पुरते. वर्ष-दोन वर्षं जुनी असेल तर वास घेऊन बघा. वास नसेल तर ती नुसती काडी आहे.

दुकानात सुटी मॅकरोनी मिळते, ती चालेल का?

ही पद्धत पास्त्यावर फार अवलंबून आहे, कारण पाणी फेकून चुका लपवता येत नाहीत. पाकिटावर "ड्युरम व्हीट सेमोलिना" म्हणजे ड्युरम गव्हाचा रवा असं लिहिलेलं बघून घ्या. ड्युरम हा कठीण गहू, त्यातली प्रथिनं स्टार्चला धरून ठेवतात, म्हणून पास्ता मऊ होतो पण आकार सोडत नाही. मैद्याच्या स्वस्त मॅकरोनीतून स्टार्च भसाभस सुटतो आणि दहा मिनिटांत खळ तयार होते. तीच वापरायची असेल तर पाणी ५०–६० मिली कमी घाला, ढवळणं कमी करा आणि दूध दोन मिनिटं आधी घाला. जमेल, पण थोडी लगदा होणार हे गृहीत धरा.

आणि किराणा दुकानात तळायच्या रंगीत नळ्या मॅकरोनीशेजारीच ठेवलेल्या असतात. त्या पास्ता नव्हेत. मुलांना बाजारात पाठवलंत तर सांगून पाठवा.

खपली गव्हाचा पास्ता आणला आहे, तो असाच शिजेल?

खपली म्हणजे आपल्या कृष्णाकाठचा गहू. शेवया आणि पुरणपोळीसाठी घरोघरी ठाऊक. ड्युरमचा तो जुना नातेवाईकच, ड्युरम खपलीच्याच कुळातून आला. पण खपलीचं ग्लुटेन कमकुवत, त्यामुळे नळ्या ढवळताना मोडतात. डाव फिरवण्याऐवजी पातेलं दोन्ही हातांनी धरून हिसडा द्या, नाहीतर लाकडी उलथन्याने कडेकडेनं सोडवा. पाण्याचं प्रमाण पाकिटावरच्या वेळेवर ठरवा: नेहमीच्या पास्त्यापेक्षा वेळ जास्त लिहिली असेल तर ५० मिली पाणी वाढवा. चव खमंग लागते, रंग तपकिरी येतो. "पांढरा का नाही" असं मुलं विचारणार.

पास्ता नाही, घरच्या शेवया आहेत. त्यांचं होईल?

होईल, पण तो वेगळा पदार्थ. शेवया आधी लोण्यात बदामी भाजून घ्या. पाणी निम्म्याहून कमी घाला, कारण तीन-चार मिनिटांत त्या शिजतात. दूध थोडं आणि चीज एकच क्यूब. लगेच वाढा. अर्ध्या तासाने खाल तर वडी पाडता येईल.

कुकरमध्ये एका शिट्टीत करतात म्हणे?

करतात. पण स्टार्चचा फेस वर येतो आणि शिट्टीचं भोक बुजू शकतं, म्हणून कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही आणि एक चमचा तेल-लोणी हवंच. पास्ता पाण्यात जेमतेम बुडेल इतकं पाणी, मध्यम आचेवर एक शिट्टी, गॅस बंद. वाफ आपोआप जिरेपर्यंत थांबलात तर पास्ता आतल्या आत शिजत राहून मऊ होतो. म्हणून दोन-तीन मिनिटांनी शिट्टी चिमट्याने जपून उचलत वाफ सोडा, फेस येताना दिसला तर थांबा. दूध आणि चीज कुकर उघडल्यावर. दूध कुकरमध्ये बंद करून उकळवू नका, फेस अंगावर येतो.

मला विचाराल तर कुकरने वाचतात पाच मिनिटं, आणि पास्ता किती शिजला ते बघण्याची सोय जाते. सोमवारी सकाळी डबा भरायचा असेल तर कुकर. पाहुणे आले असतील तर पातेलं.

महाबळेश्वरला बहिणीकडे केला तर पास्ता कच्चा राहिला. प्रमाण तेच होतं.

उंचीमुळे. साधारण दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. सांगलीत पाणी जवळपास ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथे साडेपंच्याण्णवला. उकळतंय तसंच दिसतं, पण गरम कमी असतं. तिथे दोन-तीन मिनिटं जास्त धरा, त्या वेळात आटणारं अर्धा कप पाणी जास्त घाला आणि झाकण पूर्ण ठेवा. आणि तिथे आहात तर तिथलं गाजर आणि मका घाला. त्या गोडव्यापुढे चीज कमी घातलं तरी चालतं.

भाज्या कोणत्या, आणि कधी?

गाजर, फरसबी पाण्याआधी. ताजा मटार पाण्याबरोबर, फ्रोजन मटार आणि मक्याचे दाणे दुधाबरोबर. ढोबळी मिरची सर्वात शेवटी, नाहीतर रंग जातो. मशरूम आधी वेगळे परतून पाणी आटवून घ्या, कारण ते पातेल्यात पाणी सोडतात आणि सगळं गणित बिघडतं. हे परतणं त्याच पातेल्यात कांद्याआधी करता येतं. पालक चिरून चीजबरोबर.

वांगं, दोडका, गवार नको. विचारणारे विचारतात.

चीज घातलं की दोरखंड होतात.

म्हणजे मोझरेला घातलंय. ते पिझ्झासाठी ताणायचं चीज. सॉसमध्ये एकजीव व्हायला क्यूब किंवा स्लाइसचं प्रोसेस्ड चीज बरं, कारण त्यात चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार असतात. मोझरेला घालायचंच तर वरून थोडं. चीज कोणतंही असो, किसून घाला आणि घातल्यावर उकळू नका. आणि प्रोसेस्ड चीज खारट असतं, म्हणून सुरुवातीचं मीठ हात राखून. शेवटी चव बघून वाढवता येतं, काढता येत नाही.

चीज नसेलच तर? चार-पाच काजू भिजवून वाटा आणि दुधाबरोबर घाला. छान लागतं, वेगळं लागतं.

श्रावणात कांदा-लसूण चालत नाही.

दोन्ही वगळा, मिरी वाढवा, किंचित जायफळ किसून घाला आणि मक्याचे दाणे जास्त घ्या. उपवासाला मात्र नाही. पास्ता गव्हाचा आहे.

दहा-बारा जणांसाठी करायचा आहे. सगळं तिप्पट करू?

पास्ता, भाज्या, चीज तिप्पट. पाणी तिप्पट करू नका. मोठ्या पातेल्यात वाफ होऊन जाणारं पाणी त्या मानाने कमी असतं, म्हणून ६०० ग्रॅम पास्त्याला १३५० ऐवजी बाराशे मिलीपासून सुरुवात करा आणि जवळ उकळतं पाणी तयार ठेवा. अर्ध्या किलोच्या वर गेलं की मी तर दोन पातेली लावायला सांगते. एका खोल पातेल्यात खालचा पास्ता गळतो आणि वरचा कडक राहतो. वाढदिवसाला तीस मुलं असतील तर ही पद्धतच सोडा: पास्ता उकडून निथळून ठेवा, सॉस वेगळा करा आणि वाढायच्या आधी एकत्र करा.

डब्यात दुपारपर्यंत दगड होतो.

लोण्याऐवजी तेल घ्या, कारण लोणी गार झालं की थिजतं. चीज निम्मं करा. आणि डब्यासाठी अर्धा कप दूध जास्त, इतकं की भरताना सूपसारखं वाटेल. पेनेपेक्षा छोटी मॅकरोनी डब्यात सुटी राहते. सकाळी सातला भरलेला डबा पहिल्या मोठ्या सुट्टीत संपला पाहिजे. दुधाचा पदार्थ आहे, संध्याकाळपर्यंत दप्तरात ठेवायचा नाही.

उरला तर?

दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, बंद डब्यात, आणि दुसऱ्या दिवशी संपवा. शिजलेला भात आणि पास्ता बाहेर राहिले की त्यात वाढणारे काही जिवाणू असं विष तयार करतात जे पुन्हा गरम करूनही जात नाही. "गरम केलं की चालतं" हे इथे लागू नाही. गरम करताना पातेल्यात आधी पाव कप दूध तापवा, मग त्यात पास्ता सोडा, बारीक आच. तसाच तव्यावर टाकलात तर तूप सुटेल आणि पास्ता कोरडाच राहील.

घरात एकाला साखर आहे. द्यावा का?

जोडीला दोन डाव, शेजारी चिकन किंवा पनीर आणि काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, हे ताट बरं. ड्युरमचा पास्ता थोडा दाताला लागेल असा शिजवला तर मैद्याच्या ब्रेडपेक्षा साखर हळू वाढते. गाळ शिजवला की तो फायदा कमी होतो. किती खायचा हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

सासूबाई म्हणतात, चपातीबरोबर काय खायचं?

चपातीबरोबरच खाऊ दे की. आमच्याकडेही पहिल्यांदा कालवण समजूनच वाढला गेला होता आणि दोन चपात्या गेल्या. पीठावर पीठ होतं खरं, पण घरातलं मोठं माणूस आवडीने खातंय तर तिथे शिकवणी नको. चटणी घातलेला करा, त्यांना तो जास्त पटतो.

पातेलं घासताना चिकट थर निघत नाही.

गरम पाणी ओतू नका, दुधाचा आणि स्टार्चचा थर आणखी बसतो. गार पाणी भरून अर्धा तास ठेवा, जेवण होईपर्यंत तेवढा वेळ होतोच. बुडाला लागलंच असेल तर पाण्यात चमचाभर सोडा घालून उकळा, मग लाकडी उलथन्याने खरवडा. अॅल्युमिनियमचं पातेलं असेल तर सोडा नको, ते काळं पडतं.